विचारा की! आज्जीच्या गोष्टी लिहायच्या, पण स्पेलिंग कुणाचं?

प्रश्न: सर, नमस्कार. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, शाळेत शिकवते. आज्जीच्या गोष्टी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवल्यात, आता वहीत उतरवायला बसले तर पहिल्याच पानावर अडकले. आज्जी म्हणते ते 'काय करुलास' लिहू, 'करूलास' लिहू की 'करू लालास', एकाच दिवशी मी तिन्ही लिहिलंय. घरच्या ग्रुपवर भाऊ चौथंच काहीतरी लिहितो. शुद्ध करून 'काय करतो आहेस' लिहिलं की त्यात आज्जी राहतच नाही. भाचा म्हणतो हैती, मॉरिशसमध्ये क्रिओल भाषांना असंच स्पेलिंग नव्यानं ठरवून दिलं. मग आपली बोली पण क्रिओलच काय? अन् त्यांनी ठरवलं कसं?

उत्तर: ताई, आधी गोष्टी रेकॉर्ड केल्यात ते लई बरं केलंत. आता क्रिओलचं. वेगवेगळ्या भाषांची माणसं एकत्र येतात, बऱ्याचदा गुलामगिरीत नाहीतर मळ्यांवर जबरदस्तीनं आणलेली, त्यांना आपसात बोलायला कामापुरती भाषा लागते, आणि पुढं मुलंबाळं तीच मायबोली म्हणून बोलायला लागली की तिला क्रिओल म्हणतात. असली भाषा बघायला हैतीला जायला नको, आपल्या रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ कोर्लई गाव आहे, तिथली ख्रिस्ती माणसं पोर्तुगीज-मराठीच्या मिलाफातून झालेली क्रिओल अजून घरात बोलतात, पोर्तुगीज तिथनं 1740 मध्ये गेले तरी.

आपली बोली क्रिओल नव्हे, मराठीच, फक्त कन्नडच्या शेजारात वाढलेली. तरी भाचा अगदीच चुकला असं मी म्हणणार नाही. गम्पर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी 1971 साली क्रिओल भाषांवरच्या एका पुस्तकात सांगली जिल्ह्यातल्या एका गावावर लेख लिहिला, त्यात गावाचं नाव 'कुपवार' दिलंय. तिथं कन्नड, मराठी, उर्दू इतकी शतकं शेजारी नांदली की शब्द वेगळे राहिले पण वाक्याची घडण जवळजवळ एक झाली, एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत करता येतं. त्याच पुस्तकात साउथवर्थ नावाच्या भाषाअभ्यासकांनी तर खुद्द मराठीच्याच उगमात अशी सरमिसळ असावी असं मांडलंय, सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण आपल्याकडं बाजारात उभं राहून दहा मिनिटं कान दिला तर कुपवारची गोष्ट नवी वाटणार नाही.

आता स्पेलिंग. हैती ही पूर्वी फ्रेंचांची वसाहत, तिथं क्रिओल सगळे बोलायचे पण सरकार, कोर्ट, शाळा फ्रेंचमध्ये. 1940 च्या दशकात मॅककॉनेल नावाचे मिशनरी आणि साक्षरतेचं काम करणारे लॉबक यांनी एक आवाज एक खूण अशी पद्धत बसवली. त्यावर गदारोळ झाला, कारण 'के', 'डब्ल्यू', 'वाय' ही अक्षरं फ्रेंच वाटत नाहीत, अमेरिकन वाटतात, आणि अमेरिकेचं लष्कर 1915 ते 1934 हैतीत बसलेलं लोक विसरले नव्हते. शिवाय शिकलेल्यांचं म्हणणं, स्पेलिंग फ्रेंचसारखं असलं तर मुलांना पुढं फ्रेंच सोपं जाईल. मग हैतीतल्याच प्रेसवार यांनी त्यात दुरुस्त्या केल्या, नाकातल्या स्वरावर '^' अशी टोपी होती ती काढून फ्रेंच सवयीचा 'एन' घातला. शेवटी अधिकृत स्पेलिंग ठरलं 1979-80 ला, आणि क्रिओल राज्यभाषा झाली 1987 च्या घटनेत. म्हणजे चाळीसेक वर्षं गेली बघा. जे ठरलं त्यात 'के' आणि 'डब्ल्यू' राहिले, पण 'ऊ' या आवाजाला फ्रेंचमधली 'ओ-यू' ही जोडीच ठेवली, कारण ज्यांना थोडंफार वाचता येत होतं त्यांच्या डोळ्यांना ती सवयीची होती. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

तुमच्या 'करूलास'चं उत्तर पण तिथंच सापडतं. हैतीत पाण्याला 'द्लो' म्हणतात, मूळ फ्रेंच 'द लो', पक्ष्याला 'झ्वाझो', मूळ 'लेझ्वाझो'. फ्रेंचमध्ये पुढचा तुकडा वेगळा शब्द आहे, हैतीच्या माणसाच्या तोंडात तो चिकटून गेलाय. त्यांनी फ्रेंचचं व्याकरण बघून तोडून लिहिलं नाही, बोलणाऱ्याला एक शब्द वाटतो ना, मग एकच. आपल्या 'करूलास'मध्ये 'करू लागलास' मुरलेलं ऐकू येतं, पण आज्जीला ते दोन शब्द वाटतात काय? तिला सावकाश म्हणायला लावा आणि कुठं थांबते बघा. माझी आज्जी कधी मध्ये थांबली नाही. म्हणून माझं मत, जोडून लिहा, 'करूलास, जाऊलास, येऊलास', आणि 'रू' दीर्घच ठेवा, 'करू' हा शब्द वाचकाच्या डोळ्यात आधीच दीर्घ बसलाय. आज्जी जिथं 'लालास' असं लांबवते तिथं 'करूलालास' लिहा, तो आवाजच वेगळा आहे.

'पाणी'चा प्रश्न पुढच्या पानावर येणारच. आज्जी 'पानी' म्हणत असेल. कॅरिबियन बेटांवर पापियामेंतो म्हणून क्रिओल आहे, कुरासावमध्ये घर या शब्दाला 'के' लावून लिहितात, शेजारच्या अरुबात तोच शब्द स्पॅनिशच्या वळणानं 'सी' लावून. उच्चार तोच, भाषेच्या नावाचं शेवटचं अक्षरसुद्धा दोन बेटांवर वेगळं. 1970 च्या दशकात दोघांनी आपापलं ठरवलं आणि दोघांचंही चाललंय. तेव्हा 'पानी' लिहिलं तर अडाणी दिसतं असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका, फक्त पहिल्या पानावर 'पानी' असेल तर शेवटच्या पानावर पण 'पानी'च पाहिजे. आणि प्रत्येक बारीक आवाज लिहायच्या मागं लागू नका, 'चार'मधला च आणि 'चमचा'मधला च वेगळा आहे हे मराठीनं कधी लिहून दाखवलंय? आपण बिनचूक वाचतोच की. आज शुद्ध म्हणतो ते पण माणसांनीच बसून ठरवलेलं आहे, आजोबांच्या पत्रात 'नांव', 'कांहीं' असायचं, साहित्य महामंडळाचे नियम 1962 ला सरकारनं मानले आणि ते न उच्चारलेले अनुस्वार गेले.

एक गोष्ट मात्र आत्ताच ठरवा, वाचणार कोण. तुमच्या गावातली निम्मी पोरं कन्नड नाहीतर इंग्लिश मीडियमला असतील तर देवनागरीत अडखळतील. मॉरिशसमध्ये 2012 पासून प्राथमिक शाळेत क्रिओल हा ऐच्छिक विषय आहे, मराठीही तिथं शिकवतात. पण त्याआधी 2004 ला एक सर्वमान्य लेखनपद्धत तयार झाली, 2010 ला अकादमी झाली, मग पुस्तकं. तुम्हाला अकादमी नको, एक गोष्ट लिहून पाच-सहा जणांना मोठ्यानं वाचायला द्या, त्यात एक तरी आज्जीच्या वयाची आणि एक तरी सातवीतलं पोर असू दे, जिथं तिघं अडखळले तो शब्द बदला, आणि ठरलेले शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. रेकॉर्डिंग अजिबात डिलीट करू नका, मी माझ्या आज्जीचं नुसतं लिहून घेतलं होतं आणि आज त्यातले काही शब्द ती कसे म्हणायची ते मलाच आठवत नाही.

प्रश्न: मोबाईल माझ्या 'न्हाई'चं दर वेळी 'नाही' करतोय, काय करू? (निपाणीहून एक वाचक)

उत्तर: कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ऑटो-करेक्शन बंद करा, आणि पर्सनल डिक्शनरी असती तिथं 'न्हाई' घाला. 'करूलास' पण घालून टाका, वरच्या ताईंना सोबत होईल.