पिथमपूरला टायर बनतात म्हणून माळव्यात रबर लावावे का?

सध्या रबर लागवडीबद्दल बरीच विचारणा होते आहे. इंदूर, महू, देवास, सांवेर या भागांतल्या मराठी शेतकरी बांधवांचे चार प्रश्न इथे घेतले आहेत. पहिला प्रश्न पैशांचा आणि तातडीचा आहे, म्हणून त्याला आधी उत्तर देतो.

प्रश्न (महू तहसील): माझी पाच बिघे काळी जमीन आहे. सोयाबीनमध्ये हाती काही उरत नाही. एकजण २५० रुपयांना रबराचे रोप देतो आणि सात वर्षांनी चीक विकत घेण्याचा करारही लिहून देतो. म्हणतो, टायरचा कारखाना पिथमपूरलाच आहे, माल शेतातून उचलला जाईल. रोपे घ्यावीत का?

काका, घेऊ नका. आगाऊ रक्कम दिली असेल तर पावती जपून ठेवा आणि पुढचा हप्ता थांबवा.

रबराचे झाड, म्हणजे हेविया ब्राझिलिएन्सिस, मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. त्याला वर्षाला दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस लागतो, आणि तोही वर्षभर विखुरलेला. हवा दमट हवी, जमीन खोल, निचऱ्याची आणि आम्लधर्मी हवी. सामू (पीएच) साडेचार ते सहाच्या दरम्यान असला की त्याला मानवते. आपल्याकडे पाऊस नऊशे ते हजार मिलीमीटर, तोही जून ते सप्टेंबरात आटोपतो. आपल्या काळ्या जमिनीचा सामू साडेसात ते साडेआठ. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि एप्रिल-मे महिन्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात कोवळी मुळे तुटतात. मे महिन्यातले चाळीस-बेचाळीस अंश आणि जानेवारीतल्या थंडीच्या रात्री, दोन्ही या झाडाला सोसत नाहीत.

ठिबक लावून झाडे जगवू, असे तुम्ही म्हणाल. काही जगतीलही. पण आपल्याला झाड नको, चीक हवा. सालीतल्या नळ्यांमध्ये पाण्याचा दाब भरपूर असेल तेव्हाच चीक वाहतो. म्हणून टॅपिंग, म्हणजे सालीला काप देऊन चीक काढण्याचे काम, पहाटे करतात. ऊन चढले की झाड पाणी सोडू लागते आणि दाब उतरतो. हवा कोरडी असली की काप दिलेल्या जागी चीक लवकर गोठतो आणि धार बंद पडते. माळव्यातला वर्षाचा किती काळ कोरडा जातो ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

याचा जवळचा पुरावा पालघर जिल्ह्यातल्या दापचरीला आहे. भारतीय रबर संशोधन संस्थेने तिथल्या केंद्रावर अनेक वर्षे प्रयोग केले. तिथे पाऊस आपल्या दुपटीहून जास्त. तरीही पावसाळ्यानंतरचे महिने कोरडे जातात म्हणून, पाणी न दिलेली झाडे टॅपिंगला यायला केरळपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. उत्तर कोकणात ही गत, तर महूचे काय सांगावे?

आता पिथमपूरचे. तिथे जवळच खेडा नावाच्या ठिकाणी ब्रिजस्टोनचा मोठा टायर कारखाना आहे, हे खरे. पण टायरवाला शेतातला चीक विकत घेत नाही. त्याला ठरलेल्या प्रतीचा, तपासलेला, गासडीबंद माल लागतो: धुरी दिलेल्या शीट किंवा ब्लॉक रबर. तो माल केरळमधून, त्रिपुरातून येतो किंवा बंदरावरून. झाडातून काढलेला चीक काही तासांतच फाटू लागतो. त्यामुळे शेताजवळ हवे असते ते चीक गोळा करून त्यावर प्रक्रिया करणारे केंद्र. तसे केंद्र आपल्या भागात नाही. आणि हिशेब पाहा: हेक्टरी साधारण पाचशे झाडे धरली तर तुमच्या पाच बिघ्यांत, म्हणजे सव्वा हेक्टरात, सहाशेच्या वर रोपे लागतील. दीड लाखाहून जास्त रुपये आजच गेले. देशाची सरासरी हेक्टरी वर्षाला दीड टनाच्या आसपास आहे, म्हणजे केरळसारखे पीक आले असे मानले तरी तुमचा माल वर्षाला दोन टनांच्या आत राहील. तेवढ्यासाठी महूला गाडी कोण पाठवणार?

रोपे देणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा. रोपवाटिकेला केंद्र सरकारच्या रबर बोर्डाची मान्यता आहे का? वाण कोणता, आणि डोळा भरलेले कलम आहे की बियांचे रोप? करारात ज्याने चीक घ्यायचा त्याचे संकलन केंद्र आज कुठे चालू आहे? लेखी उत्तर मिळाले नाही तर त्या कराराला कागदाइतकीही किंमत नाही. पैसे अडकले असतील तर जिल्हा कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि ग्राहक आयोगाचीही वाट धरा. सोयाबीनला कंटाळून झाडांकडे वळायचे असेल तर पेरू, सीताफळ, लिंबू, आवळा यांचा विचार आपण माती परीक्षणाचा अहवाल समोर ठेवून करू. अहवाल घेऊन या.

प्रश्न (देवास): आमच्या अंगणात रबराचे झाड आहे, पाने जाड आणि चकचकीत. पान तोडले की पांढरा चीक येतो. पाणी न घालताही जोमात वाढते. मग शेतात का येणार नाही?

ताई, ते झाड वेगळे आहे. तुमच्या अंगणात आहे तो फायकस इलॅस्टिका, वड-पिंपळाच्या कुळातला, आसामकडचा. एकोणिसाव्या शतकात आसामात त्याच्यापासूनही रबर काढत असत, पण हेविया आल्यावर ते मागे पडले, कारण चीक कमी आणि झाडाला सारखे काप सोसत नाहीत. हेवियाचे पान पातळ असते, एका देठावर तीन पर्णिका असतात आणि हिवाळ्यात ते झाड पाने गाळते. पुढच्या वेळी कोणी रोप दाखवले तर आधी पान पाहा.

प्रश्न (सांवेर, कृषी पदवीचा विद्यार्थी): भारतात रबर कमी पडते, आयात करावे लागते. मग केरळच्या शेतकऱ्याला भाव का मिळत नाही? आणि हा भाव ठरवतो कोण?

हा प्रश्न प्रत्येक शेतकऱ्याने विचारावा असा आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे साडेआठ लाख टन नैसर्गिक रबर तयार झाले आणि वापर चौदा लाख टनांच्या घरात होता. एवढा तुटवडा असताना भाव चढाच राहायला हवा. पण खरेदीदाराला बंदर उघडे आहे. कोरड्या रबरावर २५ टक्के किंवा किलोला ३० रुपये, यांत जे कमी असेल ते आयात शुल्क लागते. कंपाउंड रबर, म्हणजे इतर रसायने मिसळलेले रबर, मात्र बराच काळ कमी शुल्कात येत होते. २०२३ च्या अर्थसंकल्पात तेही याच पातळीवर आणले. म्हणजे केरळातल्या कोट्टायम बाजाराचा भाव बँकॉकच्या भावापासून फार दूर जाऊ शकत नाही. वायदे सिंगापूर, शांघाय आणि ओसाकाला होतात. सगळ्यांत मोठा ग्राहक चीन. तिथे गाड्या कमी खपल्या की त्याची झळ कोट्टायमच्या शेतकऱ्याला लागते. खनिज तेल स्वस्त झाले की कृत्रिम रबर स्वस्त होते आणि नैसर्गिकावर दाब येतो. विमानाचे आणि ट्रकचे टायर नैसर्गिक रबराशिवाय नीट बनत नाहीत, म्हणून मागणी संपत नाही, एवढाच आधार.

जगात वर्षाला सुमारे एक कोटी चाळीस लाख टन रबर निघते आणि त्यातला मोठा वाटा दोन-चार एकरांच्या छोट्या शेतकऱ्यांचा आहे. थायलंड पहिला, इंडोनेशिया दुसरा. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टने अलीकडे व्हिएतनामला मागे टाकले. ज्या ब्राझीलचे हे झाड, तो या यादीत खूप खाली आहे. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने तिथून सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या. त्यांतून उगवलेली रोपे श्रीलंका आणि सिंगापूरकडे गेली आणि आशियातल्या लागवडीचा पाया झाली. ब्राझीलमध्ये मात्र पानांचा करपा हे झाड दाटीने लावू देत नाही. हेन्री फोर्ड यांनी १९२८ मध्ये तापाजोस नदीकाठी हजारो हेक्टर जंगल साफ करून रबराचा मळा उभारला, पाण्यासारखा पैसा ओतला, आणि १९४५ मध्ये सगळे ब्राझील सरकारला विकून त्यांची कंपनी बाहेर पडली. तो करपा अजून आशियात आलेला नाही. तुम्ही पुढे वनस्पती संगरोधात (क्वारंटाइनमध्ये) काम करणार असाल तर हे नीट लक्षात ठेवा, कारण आपली बहुतेक लागवड विकहॅमच्या त्या बियांच्या मोजक्या वंशातली आहे आणि रोग शिरला तर तो एका देशापुरता थांबणार नाही.

आता भावाच्या मुळाशी येऊ. रबराचे झाड लावल्यापासून सहा-सात वर्षांनी चीक देते आणि पुढे पंचवीसएक वर्षे देत राहते. २०११ च्या एप्रिलमध्ये कोट्टायमला आरएसएस-४ या धुरी दिलेल्या शीटच्या प्रतीचा भाव किलोला २४० रुपयांच्या वर गेला होता. त्या तेजीच्या काळात थायलंडच्या ईशान्य भागात, व्हिएतनाम, लाओस, कंबोडियात लोकांनी धडाधड लागवड केली. ती सगळी झाडे एकदमच चीक देऊ लागली, तोवर मागणी थंडावली होती. २०१६ च्या सुरुवातीला तोच भाव शंभराच्या खाली आला. केरळात किती जणांनी टॅपिंगच बंद केले, कारण टॅपरची मजुरीही निघेना. लावणे थांबले, झाडे म्हातारी झाली, इंडोनेशियात पानगळीचा नवा रोग आला, आणि २०२४ मध्ये भाव पुन्हा अडीचशेच्या आसपास पोहोचला. थायलंड, इंडोनेशिया आणि मलेशिया मिळून अधूनमधून निर्यात आवरून धरतात, पण बाकीचे देश त्यांत नसल्यामुळे त्याचा परिणाम टिकत नाही.

आपल्या लक्ष्मीबाई नगर मंडीत सोयाबीनचा भाव पामतेलाच्या आयात शुल्कावर हलतो, ते तुम्ही पाहिलेच आहे. पण सोयाबीनवाला पुढच्या खरिपात मका पेरू शकतो. रबरवाल्याची जमीन तीस वर्षे गुंतलेली असते. म्हणूनच मला त्याच्याबद्दल जास्त काळजी वाटते, आणि आयात शुल्काचा प्रत्येक निर्णय त्याच्या झाडाचे वय लक्षात घेऊन व्हावा असे मी मानतो.

प्रश्न (इंदूर): माझ्या आईच्या वाट्याची चार एकर जमीन सिंधुदुर्गात दोडामार्गला आहे. शेजारी केरळच्या लोकांनी रबर लावले आहे. आम्ही लावावे का?

इथे माझे उत्तर वेगळे आहे. दोडामार्गचा पाऊस, जांभी जमीन आणि उतार या पिकाला चालतात, आणि शेजारची झाडे तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. ती आधी बारकाईने पाहा. जमिनीपासून सव्वाशे सेंटिमीटर उंचीवर खोडाचा घेर ५० सेंटिमीटर झाला की झाड टॅपिंगला येते. शेजाऱ्याला तो घेर यायला किती वर्षे लागली, ते विचारा. काप कसा दिला आहे ते बघा: अर्ध्या खोडाभोवती तिरका, प्रत्येक वेळी जेमतेम दीड मिलीमीटर साल काढलेली. काप खोल जाऊन लाकडाला लागला असेल तर तिथे गाठी दिसतील आणि त्या जागेवर साल पुन्हा नीट भरत नाही. चांगला टॅपर झाडाचे आयुष्य वाढवतो, वाईट टॅपर दहा वर्षांत बाग संपवतो. चार एकरांत आठशेच्या आसपास झाडे येतील. एक माणूस एका सकाळी तीनशे ते चारशे झाडे करतो. तुम्ही इंदूरला राहणार, तेव्हा तो माणूस कोण, हे रोपांच्या आधी ठरवा.

पहिली तीन वर्षे अननस किंवा केळी आंतरपीक घेता येते. तिलारीकडे हत्तींचा वावर असेल तर केळी टाळा. उन्हाळ्यात कोवळ्या खोडांना चुना लावा. पावसाळ्यात कापाच्या वर प्लास्टिकचा पडदा बांधावा लागतो, नाहीतर ते महिने फुकट जातात. भाव पडला तर हातात काही राहावे म्हणून चारही एकर रबराखाली घालू नका. निम्म्या जागेत काजू असू द्या.

जमिनीवर जंगल उभे असेल तर ते तोडून लागवड करण्याचा विचारही नको. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर उच्च न्यायालयाने बंदी घातली आहे. शिवाय युरोपीय संघाच्या नव्या नियमात ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून पिकवलेले रबर तिथल्या बाजारात चालणार नाही. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली असली तरी टायर कंपन्या आतापासूनच मालाचा उगम विचारू लागल्या आहेत.

आणि सातबारा काढा. कोकणात एका गटावर बरीच सामायिक नावे असतात. आज मामा तोंडी हो म्हणतील, पण झाडे चीक देऊ लागतील तेव्हा त्यांची मुले वाटा मागतील. आधी वाटणी करून आईच्या नावाचा स्वतंत्र सातबारा करून घ्या, मग रबर बोर्डाच्या जवळच्या कार्यालयात वाण आणि अनुदानाची चौकशी करा. लागवड जून-जुलैत होते, तोवर हे काम होत नसेल तर एक वर्ष थांबा.