एक राजा गेला, दुसरा चिरायू होवो

प्रश्न : इंग्लंडच्या राजघराण्याविषयी वाचताना ‘द किंग इज डेड, लाँग लिव्ह द किंग’ हे वाक्य वारंवार भेटते. मेलेल्या राजाला दीर्घायुष्य कसे चिंतायचे? ‘एअर अपॅरंट’ आणि ‘एअर प्रिझम्प्टिव्ह’ या दोहोंचा अर्थ ‘वारस’ एवढाच आहे का? आणि ‘टू स्टेप इन्टू समवन्स शूज’ मराठीत कसे म्हणावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या पहिल्या शंकेचे मूळ असे आहे, की या वाक्यातील दोन राजे एक नव्हेत. पहिला नुकताच निवर्तलेला आणि दुसरा त्याच क्षणी राजा झालेला. ही घोषणा मुळात फ्रान्सची. तेथे सेंट डेनिसच्या मठात राजाच्या दफनविधीच्या वेळी ती दिली जाई. सिंहासन क्षणभरही रिकामे राहत नाही, हा तिचा गाभा आहे. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी सहावे जॉर्ज वारले तेव्हा त्यांची कन्या एलिझाबेथ केनियात होती आणि बातमी पोहोचण्याआधीच ती राणी झालेली होती; राज्याभिषेक मात्र १९५३ च्या जूनमध्ये झाला. म्हणून मराठीत ‘राजा गेला, नवा राजा चिरायू होवो’ असे म्हणावे. ‘नवा’ हा एक शब्द घातला की सारा घोटाळा मिटतो.

‘एअर’ या शब्दातील ‘एच’चा उच्चार होत नाही, हे जाता जाता सांगतो. ‘अपॅरंट’चा आजचा रूढ अर्थ ‘वरवर दिसणारा’ असा असल्याने अनेकांची फसगत होते. येथे त्याचा जुना अर्थ, म्हणजे ‘उघड, स्पष्ट’, टिकून आहे. ज्याचा हक्क पुढे कोणाच्याही जन्माने हिरावला जाऊ शकत नाही, तो ‘एअर अपॅरंट’. याउलट ‘एअर प्रिझम्प्टिव्ह’ हा तूर्त गृहीत धरलेला वारस असतो. एलिझाबेथ १९३६ पासून वडिलांच्या निधनापर्यंत अशीच तूर्त वारस होती, कारण वडिलांना मुलगा झाला असता तर त्या काळच्या नियमाप्रमाणे तो तिच्या पुढे गेला असता. २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांपुरता मुलगा-मुलगी हा भेद ब्रिटनने पुढे कायद्याने काढून टाकला. तेव्हा पहिल्यासाठी ‘निर्विवाद वारस’ आणि दुसऱ्यासाठी ‘तूर्त वारस’ असे लिहिल्यास अर्थ नेमका पोहोचतो. पक्षातील किंवा कंपनीतील होतकरू माणसाला ‘एअर अपॅरंट’ म्हटले जाते, तेथे जन्मसिद्ध हक्काचा प्रश्नच नसल्याने ‘भावी उत्तराधिकारी’ पुरे.

आता जोड्यांविषयी. ‘एखाद्याच्या जोड्यात पाय घालणे’ असे भाषांतर कृपया करू नये, कारण आपल्याकडे जोडा म्हटला की आधी अपमान आठवतो. बापाची चप्पल मुलाच्या पायाला आली की त्याला मित्रासारखे वागवावे, असे आपण म्हणतो खरे, पण त्यात बरोबरी आहे, वारसा नाही. भरताने तर रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या, त्यांत पाय घातला नाही. ‘स्टेप इन्टू समवन्स शूज’ म्हणजे एखाद्याची जागा घेणे आणि ‘फिल समवन्स शूज’ म्हणजे ती जागा त्याच तोलाने सांभाळणे. इंग्रजीतला हा फरक मराठीतही राखावा.

याच्याच जवळचा वाक्प्रचार ‘पासिंग द टॉर्च’, म्हणजे मशाल पुढच्याच्या हाती देणे. त्यात देणारा स्वतःच्या हाताने देतो, म्हणून तेथे ‘सूत्रे सोपवणे’ शोभते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी २० जानेवारी १९६१ च्या शपथविधीच्या भाषणात मशाल नव्या पिढीच्या हाती आल्याचे म्हटले, ते याच अर्थाने.

आपण विचारले नाही, तरी ‘टेकिंग अप द मँटल’, म्हणजे शब्दशः झगा उचलणे, हेही सांगितल्यावाचून राहवत नाही. बायबलमधील संदेष्टा एलीया वाटेने जाताना, बैलांच्या बारा जोड्या जुंपून चाललेल्या नांगरणीत गुंतलेल्या अलीशाच्या अंगावर आपला झगा टाकतो. पुढे एलीया स्वर्गात जातो तेव्हा खाली पडलेला तोच झगा अलीशा उचलून घेतो. पदापेक्षा कार्याचा भार उचलणे हा येथील भाव आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘धुरा खांद्यावर घेणे’ हा तयार वाक्प्रचार आहे. ‘धुरा’ हा शब्दही बैलांच्या जुवाशी जोडलेला असल्याने नांगर सोडून निघालेल्या अलीशाला तो फार शोभतो.