संध्याकाळी शब्द उरले पाहिजेत

प्रश्न : मी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मार्क चांगले पडतात, पण जीव कथा लिहिण्यात आहे. हे सोडून साहित्याला प्रवेश घ्यावा असं वाटतं. बाबा म्हणतात, आधी नोकरी, मग लिखाण. (हे लिहीत असतानाही ते दार न उघडता बाहेरून दोनदा खाकरून गेले.) नोकरीला लागले तर माझ्यातली लेखिका संपेल, ही भीती आहे. शिवाय घरी आम्ही बोलीत बोलतो, त्यामुळे माझी भाषाही साहित्यिक नाही. सोबत एक कथा पाठवते आहे. मी लेखिका होऊ शकते का?

उत्तर : तुझी कथा दोनदा वाचली आणि पत्र तीनदा. कथेतले वडील 'वात्सल्यमूर्ती' आहेत, त्यांच्या 'नेत्रांत चिंतेचे मेघ दाटून येतात'. पत्रातले बाबा कंसात आहेत आणि फक्त खाकरतात. मला दिसले ते हे दुसरे. मुलगी जागी आहे हे त्यांना कळलंय, बोलायचंही आहे, पण दार उघडायचा संकोच वाटतोय. हे वाक्य तुला सुचलं, कारण तिथे तू लेखिका व्हायला बसली नव्हतीस.

बोलीचंही तसंच. कथेतली आजी पुस्तकी बोलते. अशी कोणाची आजी बोलते का गं? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्यांनी आपल्या बोलीत रचलेल्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवल्या होत्या. त्यांच्या निधनानंतर 1952 साली त्या पुस्तकरूपात आल्या आणि आज मराठी कवितेचा विचार त्यांना वगळून करता येत नाही. तुझी बोली ही तुझी उणीव आहे असं तू धरून चालली आहेस. मला तर ते तुझं भांडवल वाटतं.

आता शिक्षणाचं. पदवी पुरी कर, हे मी ठामपणे सांगते. साहित्याच्या अभ्यासक्रमात वाचायला, समीक्षा करायला, एखाद्या कलाकृतीकडे तिच्या काळासकट बघायला शिकवतात. ते मोलाचं आहे, पण कथा लिहायला शिकवणं हा त्या अभ्यासक्रमाचा मुख्य हेतू नसतो. तरी ओढ राहिलीच, तर अनेक विद्यापीठांत दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांनाही साहित्यात एम.ए. करता येतं. नियम त्या त्या विभागाकडून तपासून घे.

तुझी खरी भीती नोकरीची आहे आणि ती खोटी नाही. नोकरी माणसाला खाते. पण सगळ्या नोकऱ्या सारखं खात नाहीत. फ्रान्ट्स काफ्का हा जर्मन भाषेत लिहिणारा मोठा कथाकार एका खासगी विमा कंपनीत लागला. तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत अडकून पडावं लागे. जेमतेम नऊ महिन्यांत, 1908 साली, ती नोकरी सोडून तो प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत गेला. तिथे दुपारी दोनला सुटका व्हायची. पुढे 1912 च्या सप्टेंबरात रात्री दहा ते सकाळी सहा अशा एकाच बैठकीत त्याने एक अख्खी कथा लिहून काढली. नोकरीबद्दल तो आयुष्यभर कुरकुरला, हेही खरं. पण त्याने निवडले ते तास. पगाराच्या आकड्याआधी तूही तास विचार.

दुसरी गोष्ट माझ्याकडे येणाऱ्या मुलांना पटत नाही, तरी सांगते. 'लिखाणाची आवड आहे, मग लिखाणाचीच नोकरी' हे गणित नेहमी सुटत नाही. दिवसभर जाहिरातींचा किंवा वेबसाइटचा मजकूर लिहिला की संध्याकाळी स्वतःच्या कथेसाठी शब्द उरतातच असं नाही. तेच ते शब्द वापरून गुळगुळीत झालेले असतात. संख्याशास्त्राचं काम डोकं थकवेल, पण तुझ्या भाषेला हात लावणार नाही. उलट उदाहरणंही आहेत. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या, दोन मुलांना एकट्या वाढवत होत्या आणि पहाटे उजाडायच्या आत लिहायच्या. पहिली कादंबरी 1970 साली आली तेव्हा त्या 39 वर्षांच्या होत्या. त्यामुळे संपादन, भाषांतर, प्रकाशन ही दारं बंद आहेत असं नाही. फक्त सुट्टीत दोन महिने असं काम करून बघ आणि रोज संध्याकाळी वहीत एकच नोंद कर: आज माझं लिहावंसं वाटलं का? त्या साठ नोंदी तुला माझ्यापेक्षा जास्त सांगतील.

आणि नोकरी हा नुसता अडथळाही नसतो. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. त्यांच्या कवितेतला कामगार त्यांना कुठून शोधून आणावा लागला नाही.

बाबांना 'मला लेखिका व्हायचंय' हे वाक्य ऐकवू नकोस, ते घाबरतील. त्यांना सांग की पदवी घेणार आहे, नोकरी करणार आहे आणि रोजचा एक तास माझा आहे, त्या तासाला हाक मारायची नाही. एवढं कबूल करायला त्यांना जड जाणार नाही.

कथा परत पाठवते आहे. 'वात्सल्यमूर्ती' मी खोडलेलं नाही, ते तूच खोड. त्या जागी खाकरणारे बाबा आण, आजीला तिच्या बोलीत बोलू दे आणि नवा खर्डा मला पाठव.