मागचे शॉकॲब्सॉर्बर घरी बदलावेत का?

प्रश्न : पन्हाळ्याचा घाट उतरताना माझ्या मोटारसायकलचा मागचा भाग हेलकावतो. मॅन्युअल पाहून शॉकॲब्सॉर्बर घरीच बदलता येतील का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येतील, मात्र गाडीसोबतची पुस्तिका पुरणार नाही, कारण नट किती न्यूटन-मीटरला आवळायचा हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये (मेकॅनिकसाठीच्या दुरुस्ती-पुस्तकात) सापडते आणि तेही तुमच्याच मॉडेलचे हवे. आधी मागचे चाक आडवे हलवून पाहा, कारण पुष्कळदा दोष स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याच्या) सांध्यातल्या झिजलेल्या बुशचा, म्हणजे नळीसारख्या अस्तराचा असतो आणि भुर्दंड मात्र शॉकॲब्सॉर्बरचा पडतो. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन एका वेळी एकच शॉकॲब्सॉर्बर काढा, म्हणजे दुसरा स्विंगआर्मला जागेवर धरून ठेवतो. बदलताना मात्र जोडीच बदला. आत दाबाखाली गॅस भरलेला शॉकॲब्सॉर्बर घरी उघडू नका. बुश हातोडीने ठोकत बसण्यापेक्षा कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, वर्कशॉपमध्ये नेऊन प्रेसवर (दाब देणाऱ्या यंत्रावर) बसवून घ्या.