टँकरवरचा ‘इन’ आणि रिपोर्टमधला ‘हायपो’

प्रश्न : टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहितात. ‘इन’ म्हणजे नकार ना? मग न पेटणाऱ्या मालासाठी एवढा इशारा कशाला?

माल चांगलाच पेट घेतो, काडेपेटी खिशातच राहू द्या. लॅटिनमधून इंग्रजीत दोन ‘इन’ आले. एक नकाराचा, ‘इनकरेक्ट’मधला. दुसरा ‘आत’ या अर्थाचा, ‘इनहेल’मधला. टँकरवरचा आहे तो दुसरा. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’चा अर्थ एकच. न पेटणाऱ्याला ‘नॉनफ्लेमेबल’ म्हणतात.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर… कुठे काय लागतं, पाठ कसं करायचं?

पाठ नको, मराठीच्या तासाला शिकलेली संधी आठवायला सांगा. उत् + लेख = उल्लेख. पुढच्या ‘ल’ने मागच्या ‘त्’ला आपल्यासारखं करून घेतलं. ‘लीगल’ने नकाराच्या ‘इन’चं तेच केलं, म्हणून स्पेलिंगमध्ये दोन एल. पुढे ‘र’ आला की ‘इर’. पुढे प, ब, म असेल तर ओठ आधीच मिटायला लागतात, म्हणून ‘इम’. ‘इनपॉसिबल’ भराभर दहा वेळा म्हणायला लावा, तिचं तिलाच कळेल. ‘अन’ मात्र लॅटिन नव्हे, इंग्रजीचा घरचा उपसर्ग. तो कुणापुढे वाकत नाही : अनलॉफुल, अनरिलायेबल.

प्रश्न : हायपरटेन्शन आणि हायपोटेन्शन. बीपी वाढलेलं कोणतं?

‘हायपर’चं. हे दोन्ही उपसर्ग ग्रीक आहेत, पण परके नाहीत. ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ एकाच कुळातले, ‘हायपो’ आणि ‘उप’ही तसेच. हायपर म्हणजे वर, जास्त. हायपो म्हणजे खाली, कमी. कातडीखाली जाणारी सुई हायपोडर्मिक. थायरॉइड कमी काम करू लागली की हायपोथायरॉइडिझम. लॅटिन ‘सब’ही याच गोतावळ्यातला, ‘सबअर्ब’ आणि ‘उपनगर’ तुकड्याला तुकडा लावून पाहा! कानाला मात्र हायपर-हायपो फसवतात. आमच्या शेजारच्या काकांनी फोनवर ‘हायपो’चं ‘हायपर’ ऐकलं आणि बीपी आधीच खाली असताना आठवडाभर अळणी जेवले. निदान कागदावर वाचूनच घ्या.

प्रश्न : हेलिकॉप्टर म्हणजे ‘हेली’ अधिक ‘कॉप्टर’?

तोडायची जागा चुकली. ग्रीकमध्ये ‘हेलिको’ म्हणजे पिळाचा, मळसूत्री. ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. डायनासोरांच्या काळातल्या उडणाऱ्या टेरोडॅक्टिलच्या नावातही हाच पंख आहे, फक्त तिथला ‘प’ उच्चारात गिळतात. पण चुकीच्या जागी तोडलेले तुकडेही आता कामाला लागलेत : हेलिपॅड, क्वाडकॉप्टर.

प्रश्न : ‘बायवीकली’ म्हणजे नेमकं कधी?

आठवड्यातून दोनदा, किंवा दोन आठवड्यांतून एकदा. शब्दकोश दोन्ही अर्थ देतात. मी हा शब्द वापरत नाही, आपला ‘पाक्षिक’ बरा. पगाराच्या पत्रात दिसला तर सही करण्याआधी विचारा.