शहरातल्या एखाद्या पेठेचा किंवा कॉलनीचा विकिपीडियावर स्वतंत्र लेख करावा का, हे कसं ठरवायचं?

लोकसंख्या किंवा गुगल मॅपवरचं नाव पाहून नाही. त्या भागाबद्दल तिथल्या लोकांशी, बिल्डरशी संबंध नसलेल्या कुणी सविस्तर लिहिलंय का, ते बघा. इंग्रजी विकिपीडियावर कायदेशीर मान्यता असलेलं गाव सहसा लेखासाठी पात्र धरतात. शहरातल्या वस्तीला मात्र संदर्भांच्या बळावरच उभं राहावं लागतं.

पुण्याची कसबा पेठ घ्या. १८८५ च्या पूना गॅझेटियरमध्ये शहराच्या पेठांचं वर्णन एकेक करून दिलंय. शिवाय कसबा गणपती, तांबट आळीतलं तांब्या-पितळेचं काम, शनिवारवाड्याच्या आधीची जुनी वस्ती. या सगळ्यावर वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात लिहिलंय. इथे शंकाच नको. गिरगावातली खोताची वाडी तर जेमतेम काही गल्ल्यांची, पण ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातला जुना ख्रिस्ती) समाज आणि जुनी लाकडी घरं यांमुळे तिच्यावर भरपूर लिखाण आहे. म्हणजे आकार गौण.

उलट, हजारो फ्लॅटच्या नव्या टाउनशिपबद्दल फक्त जाहिराती, घरांचे भाव आणि अपघाताच्या बातम्या सापडत असतील, तर थांबा. ओझरता उल्लेख पन्नास ठिकाणी असला तरी त्यातून लेख होत नाही. शहराच्या किंवा उपनगराच्या लेखात एक चांगला परिच्छेद लिहा आणि त्या नावाचं पुनर्निर्देशन तिकडे करा, म्हणजे ते नाव शोधणारा आपोआप त्या लेखावर पोचेल. पुढे संदर्भ मिळाले की वेगळा लेख काढता येतो.

आणि कृपया फक्त इंग्रजीत शोधू नका. आपल्या पेठांचा इतिहास बराचसा मराठी पुस्तकांत आहे आणि मराठी संदर्भही चालतात.