भाडे वाया जाते, हे कितपत खरे?

प्रश्न : आम्ही सहा वर्षांपासून भाड्याच्या घरात राहतो. भाड्याचे पैसे वाया घालवण्यापेक्षा कर्जाचा हप्ता भरावा, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. आपले मत काय?

उत्तर : भाडे वाया जाते असे म्हणणारे बहुधा व्याजाचा हिशेब मांडत नाहीत. ८ टक्के दराने २० वर्षांचे कर्ज घेतल्यास पहिल्या हप्त्यातील सुमारे ८० टक्के रक्कम व्याजापोटीच जाते आणि मुदतीअखेर जवळजवळ मुद्दलाइतके व्याज भरलेले असते. म्हणून भाड्याची तुलना हप्त्याशी न करता व्याज, मालमत्ता कर, देखभाल आणि सुरुवातीला घरात अडकलेल्या रकमेवर अन्यत्र मिळू शकले असते ते उत्पन्न, या सर्वांच्या बेरजेशी करावी. त्यातून घराच्या किमतीतील संभाव्य वाढ वजा करावी, पण ती गृहीत धरताना हात आखडता ठेवावा. खरेदी-विक्रीचा खर्च मोठा असल्याने चार-पाच वर्षांत स्थलांतराची शक्यता असेल, तर माझ्या मते भाडेच बरे. मात्र भाड्याने राहून वाचलेली रक्कम आपण खरोखरच नियमितपणे गुंतवणार नसाल (हा निश्चय अनेकदा दुसऱ्या महिन्यातच ढासळतो), तर हे सारे गणित फिरते आणि हप्त्याची सक्तीच अधिक उपयोगी पडते.